गणवेश तपासताना: कोकणातल्या शाळांसाठी नियम, पद्धत आणि बोलण्याची हद्द

शाळेच्या गणवेशावरून झालेले वाद उकलून पाहिले, तर त्यातले थोडेच नियमावरून पेटलेले दिसतात. मोजे पांढरे की काळे, केस किती आखूड, ओढणी कोणत्या रंगाची, यावर पालक कुरकुर करतात आणि गप्प बसतात. चार माणसं जमवून, निवेदन घेऊन ते शाळेत येतात ते नियम सांगताना कुणीतरी बोललेल्या वाक्यासाठी. त्या वाक्यात मोजे कुठेच नसतात. मुलाचं घर, जात, धर्म नाहीतर अंग असतं. मग शाळा म्हणत राहते की आमचा नियम बरोबर होता, पालक म्हणतात आम्ही नियमाबद्दल बोलतच नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

गणवेशाचा नियम हा कापडाचा नियम आहे. बोलणं कापडापाशी थांबलं तर प्रकरण सहसा वाढत नाही. पण ते तिथे थांबायचं, तर आधी नियमच असा हवा की तो मोडायची वेळ मुलांवर दर आठवड्याला येऊ नये. कोकणात पहिली चूक इथे होते.

पावसाला न विचारता केलेला नियम

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे नेमक्या पाऊस लागतो तेव्हा. मुलाकडे गणवेशाचे दोन जोड असतात. सोमवारचा भिजला, मंगळवारी दुसरा भिजला, बुधवारी पहिला अजून ओलाच. टेरिकॉट, म्हणजे साधारण दोन तृतीयांश पॉलिएस्टर आणि बाकी सूत असलेलं कापड, पंख्याखाली एका रात्रीत बऱ्यापैकी वाळतं. निव्वळ सुती शर्ट जुलैच्या दमट हवेत दोन दिवस घेतो आणि तरी त्याला कुबट वास राहतो. वीज गेली तर दोन्हींचं गणित बिघडतं. जांभ्याच्या लाल चिखलाचा डाग पांढऱ्या मोज्यावरून जात नाही. चामड्याच्या बुटाला आठवड्याभरात बुरशी येते, पट्ट्याचं बक्कल गंजतं आणि त्याचा तांबूस डाग शर्टावर उतरतो. वाडीवरून चालत येणारं, होडीने खाडी ओलांडून येणारं, एसटीच्या गळक्या खिडकीशी बसलेलं मूल सव्वादहाला वर्गात पोचतं तेव्हा त्याच्या गणवेशाची परीक्षा आधीच होऊन गेलेली असते.

तेव्हा पावसाळ्याची सवलत नियमातच लिहावी. ती त्या दिवशीच्या शिक्षकाच्या मर्जीवर ठेवू नये. मसुदा असा चालेल: शाळा उघडल्यापासून 30 सप्टेंबरपर्यंत बुटांऐवजी पावसाळी चप्पल किंवा सँडल चालेल, मोजे सक्तीचे नाहीत, गणवेश ओला असल्यास घरचे स्वच्छ कपडे घालून यावे, वर्गशिक्षकांना तोंडी सांगणे पुरेसे आहे. चिठ्ठी मागू नये. सकाळी सहाला होडीवर गेलेल्या बापाची सही कुठून आणायची?

कापड निवडतानाही हाच विचार हवा. शर्ट अर्ध्या बाहीचा, कापड मिश्र, रंग शुभ्र पांढऱ्यापेक्षा थोडा दबका. पँट किंवा स्कर्टच्या तळाला दोन इंच दुमड, बाजूच्या शिवणीत अर्धा ते एक इंच माया, कमरेला मागच्या बाजूने इलॅस्टिक. प्राथमिक वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. दुमड नसेल तर जूनमध्ये गुडघ्यापर्यंत असलेला स्कर्ट मार्चमध्ये वर गेलेला असतो आणि मग त्यावरून मुलीला बोलणी बसतात. दोष शिवणीचा, बोलणी मुलीला.

मापं एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी घ्यावीत. मे महिन्यात लग्नसराई असते, मुंबईकर आलेले असतात, शिंप्याला उसंत नसते.

ठरवतं कोण, पैसे कुठून

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती महत्त्वाची. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अनुदानित खासगी शाळेत ही समिती सल्ला देते, निर्णय संस्थेचा असतो. विनाअनुदानित शाळेत संस्थाच ठरवते. कुठेही असो, ठराव लेखी हवा, त्याची तारीख हवी आणि प्रत सूचनाफलकावर हवी. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ हे उत्तर चौकशीत टिकत नाही.

समग्र शिक्षा योजनेतून पात्र विद्यार्थ्याला वर्षाला दोन गणवेशांसाठी 600 रुपयांपर्यंत तरतूद असते. महाराष्ट्राने पुढे सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना मोफत गणवेश द्यायचं ठरवलं. सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री असताना ‘एक राज्य एक गणवेश’ आला आणि 2024-25 मध्ये कापडाची खरेदी राज्यपातळीवरून झाली. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. त्यानंतर खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. त्या वर्षीचा धडा साधा आहे: शाळेने गणवेश द्यायचा असेल आणि तो दिलेलाच नसेल, तर मुलाला त्याबद्दल विचारायचा अधिकार शाळेला उरत नाही.

मधेच येणारी मुलं हा वेगळा प्रश्न. रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, चिरेखाणींवर कर्नाटकातून मजूर येतात. त्यांची मुलं दिवाळीच्या आसपास दाखल होतात, तेव्हा गणवेशाचा निधी खर्ची पडलेला असतो. यासाठी शाळेतच एका कपाटात जादा जोड ठेवावेत. शंभर पटाच्या शाळेला सहा ते आठ पुरतात, छातीचं माप 24 ते 34 इंच अशा चढत्या क्रमाने. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांकडून धुतलेले जोड मागून घेतले की खर्चही नाही. ते पिशवीत घालून, दुपारच्या सुट्टीत, पालकांच्या हाती द्यावेत. परिपाठात उभं करून, फोटो काढून दिलेला गणवेश त्या मुलाच्या अंगावर वर्षभर टोचतो. गणवेश वाटपाचे फोटो टाकायची हौस आपल्याकडे फार आहे, आणि ती आवरली पाहिजे.

याच कपाटात सुई-दोरा, सेफ्टी पिना, चार बटणं आणि मोठ्या मुलींसाठी दोन-तीन स्कर्ट किंवा सलवारी शिक्षिकेच्या ताब्यात ठेवाव्यात. पाळीचा डाग पडलेली मुलगी घरचा ड्रेस घालून आली, तर तिला कारण विचारायचंच नसतं. पावसाळ्यात नायटा, खरूज यांनी अंग भरलेल्या मुलाला सैल सुती कपडे लागतात. अपंगत्वामुळे बुटाऐवजी वेगळं पादत्राण लागतं. घरात मयत झाल्यावर डोकं भादरलेला मुलगा टोपी घालून येतो. अशा सवलती आधीच लिहून ठेवल्या की दारात उभं राहून उलटतपासणी करावी लागत नाही.

तपासणी

परिपाठ ही तपासणीची जागा नव्हे. तिथे दोनशे जोड्या डोळे असतात. एका मुलाला रांगेतून बाहेर काढलं की शिक्षा झाली, पुढे काही न बोलताही झाली. तपासणी वर्गशिक्षकाने हजेरी घेताना डोळ्यांनी करावी आणि जे दिसलं ते मनात ठेवावं. सुट्टीत मुलाला बाजूला घेऊन एकच प्रश्न: ‘आज गणवेश नाही, काही अडचण आहे का?’ दहापैकी बहुतेक वेळा उत्तर ओला, फाटका, लहान झालेला किंवा हरवलेला यातलंच असतं, आणि चारही गोष्टींना उपाय कपाटात आहे.

तरीही आठवड्यात तिसऱ्यांदा तेच झालं तर दैनंदिनीत दोन ओळी लिहाव्यात, त्याही पालकांना उद्देशून आणि कापडाबद्दलच. त्यानंतर पालकांना फोन, त्यानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत भेट. चौथी पायरी नाही. पहिली ते आठवीच्या मुलाला गणवेशासाठी शाळेतून काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 तशी मुभा देत नाही. घरी परत पाठवणं हा तर धोकाच. दहा वाजता पाठवलेलं मूल भर पावसात वहाळ ओलांडताना वाहून गेलं, तर गणवेशाच्या नियमाचं कोणी ऐकून घेणार नाही. वर्गाबाहेर बसवणं, पोषण आहाराच्या रांगेत मागे ठेवणं, परीक्षेला बसू न देणं, केस कात्रीने कापणं, मनगटातला दोरा तोडणं, मेंदी घासून काढायला लावणं, दंड घेणं, हे सगळं हद्दीबाहेरचं. केस कापण्याच्या प्रकारांनी सर्वांत जास्त भडका उडतो, कारण कापलेले केस दिसतात आणि फोटोत येतात.

धार्मिक खुणांपाशी शिक्षक हमखास अडखळतात. किनाऱ्यावरच्या एकाच वर्गात डोक्याला स्कार्फ बांधलेली कोकणी मुसलमान मुलगी, गळ्यात क्रॉस घातलेला मुलगा, तुळशीची माळ, करगोटा, मनगटातला गंडा आणि केसांत अबोलीची वेणी हे सारं असू शकतं. कोर्टाने काय सांगितलंय, असं मग सगळे विचारतात. थोडक्यात स्थिती अशी. ठरलेलाच गणवेश सक्तीचा करणाऱ्या, म्हणजे वर्गात हिजाब चालू न देणाऱ्या, कर्नाटक सरकारच्या 5 फेब्रुवारी 2022 च्या आदेशाला तिथल्या उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 ला योग्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 ला दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे सोपवण्यात आलं. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या ड्रेसकोडविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये फेटाळली. 9 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी आणि बिल्ले यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा चालणार नाही असंही सांगितलं. त्या सुनावणीत न्यायालयाने महाविद्यालयाला विचारलं होतं की मुलींच्या टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का.

या प्रश्नातून शाळेने एवढं घ्यावं: नियम केला तर सगळ्यांना सारखा. वेणी, गंडा आणि माळ चालते पण स्कार्फ चालत नाही, किंवा मेंदी नागपंचमीला चालते आणि ईदला नाही, असं वागणं कागदावर नसलं तरी मुलं पाहत असतात आणि घरी सांगत असतात. गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ, शर्टाच्या आत राहणारी माळ किंवा क्रॉस, असे मधले मार्ग जिथे आधीच चालत आले आहेत तिथे ते लिहून टाकावेत. चालत आलेली गोष्ट एखाद्या सकाळी, सत्राच्या मधेच बंद करू नये. बंद करायचीच असेल तर समितीत चर्चा करून, पुढच्या जूनपासून.

वाक्य कुठे घसरतं

बोलणं घसरतं त्याच्या ठरावीक वाटा आहेत. पहिली, कापडावरून घराकडे: ‘घरी कुणी लक्ष देत नाही वाटतं’, ‘मुंबईला बाप कमावतो ना, मग दोन बटणं लावायला काय होतं?’ शिक्षकाला ही काळजी वाटते. आईला तो आरोप वाटतो, आणि बाप खरंच पैसे पाठवत नसेल तर जखम आणखी खोल.

दुसरी, घरावरून समाजाकडे. ‘तुमच्यात असंच असतं’, ‘तुम्हां लोकांना कितीदा सांगायचं’. या वाक्यांत शिवी नसते, आवाजही चढलेला नसतो, म्हणून बोलणाऱ्याला आपण काही वावगं बोललो असं शेवटपर्यंत वाटत नाही. मघाच्या ओल्या शर्टाचंच घ्या. जुलैत कुबट वास वर्गातल्या निम्म्या शर्टांना येतो. पण ‘वास येतोय तुझ्या कपड्यांना’ हे वाक्य गाबीत किंवा खारवी या मच्छीमार समाजांच्या वाडीतल्या मुलाला बोललं गेलं, तर त्याचा अर्थ मासळीचा वास असाच लागतो, आणि तो फक्त त्याच्या शर्टाचा राहत नाही, वाडीचा होतो. संध्याकाळी बंदरावर ते सांगितलं जातं तेव्हा कुबट वासाचं स्पष्टीकरण द्यायला शिक्षक तिथे नसतो. धर्माचं किंवा दुसऱ्या देशाचं नाव घेऊन मारलेला टोमणाही याच वाटेवरचा, फक्त त्याचा वेग जास्त.

तिसरी वाट अंगाकडे जाते. मुलीच्या स्कर्टची लांबी, कुर्त्याची घट्ट शिवण यावर पुरुष शिक्षकाने काहीच बोलू नये. बोलायचं ते शिक्षिकेने, एकटीला गाठून, आणि मापाबद्दल: ‘हा लहान झालाय, कपाटातला घालून बघ.’ मुलांचं लक्ष जाईल, लोक काय म्हणतील, ही कारणं देऊ नयेत. ती दिली की बोलणं कापडावरून मुलीच्या शरीरावर गेलंच.

वाक्य निघण्यापूर्वी तपासायची कसोटी सोपी आहे. वाक्यात कपड्याचं नाव आहे का, आणि हेच वाक्य गावच्या सरपंचाच्या मुलाला याच शब्दांत म्हटलं असतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर गप्प राहावं. पावसाळ्यात शिक्षकही भिजून, एसटी चुकवून, वैतागून आलेला असतो हे खरंच; म्हणून तर तपासणी पहिल्या तासाला न करता सुट्टीत करायची.

कायदा कुठे लागतो

‘सहज बोललो’ हा बचाव किती चालतो, हे नीट कळलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि त्याखाली सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे फौजदारी गुन्हा झाला नाही तरी नोकरीवर परिणाम होऊ शकतो. बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 75 मुलाची काळजी ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेल्या क्रौर्याबद्दल आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

भारतीय न्याय संहितेची कलमं 196, 299 आणि 302 समाजांत तेढ आणि धार्मिक भावना यांच्याशी संबंधित आहेत. 299 आणि 302 मध्ये हेतू सिद्ध व्हावा लागतो, त्यामुळे बेफिकिरीने निघालेलं प्रत्येक वाक्य तिथे बसत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 च्या कलम 3(1) मध्ये लोकांच्या नजरेसमोर अपमान करणं आणि जातीवाचक शिवी देणं हे गुन्हे आहेत. भरलेला वर्ग किंवा परिपाठाचं मैदान ही नेमकी तशी जागा ठरू शकते. कातकरी ही अनुसूचित जमात, म्हणून रायगडातल्या कातकरी मुलाबाबत हा कायदा लागू होतो, गाबीत मुलाबाबत होत नाही. अपमान दोघांचा सारखाच, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 दोघांनाही आहे. अंगावरची शेरेबाजी लैंगिक हेतूने झाली असेल तर पॉक्सो कायद्याची कलमं 11 आणि 12 येतात, आणि तिथे मुख्याध्यापकाला मिटवामिटवीचा अधिकारच नाही: कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

वाक्य गेल्यावरचे दोन दिवस

इथे शाळा जेवढ्या चुका करतात तेवढ्या आधी केलेल्या नसतात. सर्वांत मोठी म्हणजे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खुलासा टाकणं. खुलाशाचा स्क्रीनशॉट मूळ वाक्यापेक्षा लांब जातो, आणि त्यात मुलाचं नाव असेल तर नवा गुन्हा पदरात पडू शकतो.

त्याऐवजी मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी मुलाचं म्हणणं पालक आणि एक शिक्षिका यांच्यासमोर ऐकावं, आणि मूल ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत, मालवणी तर मालवणीत, लिहून घ्यावं. भाषा सुधारू नये. शिक्षकाचं म्हणणंही त्याच दिवशी लेखी घ्यावं, दोघांना समोरासमोर न आणता. सीसीटीव्ही असेल तर त्या तासाचं चित्रण लगेच वेगळं काढावं. बरीच यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण करतात. वर्गातल्या इतर मुलांचे जबाब शाळेने घेत सुटू नये, मुलं तेवढ्यात दोन गटांत विभागली जातात. गटशिक्षणाधिकारी किंवा माध्यमिक शिक्षणाधिकारी यांना लेखी कळवावं, म्हणजे वर्तमानपत्रातून त्यांना कळण्याची पाळी येत नाही. पालकांना सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती), बालहक्क संरक्षण आयोग आणि 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी ही दारं आहेत, हे शाळेनेच सांगावं. सांगणारी शाळा काही लपवत नाही असं दिसतं.

माफी मागायची तर ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शब्द टाळावेत. त्यात चूक बोलणाऱ्याची राहत नाही, दुखावलेल्या माणसाच्या हळवेपणाची होते, आणि समोर बसलेल्यांना ते बरोबर कळतं. माफीत तीन गोष्टी पुरतात: मी हे वाक्य बोललो, ते चुकीचं होतं, यापुढे गणवेशाबद्दल या मुलाशी मी बोलणार नाही. ती मुलाच्या आणि पालकांच्या समोर मागावी. जमावासमोर, पाया पडायला लावून घेतलेली माफी शाळेने मान्य करू नये. तो शिक्षकाचाही अपमान आहे, आणि त्याचा व्हिडिओ निघालेला असतो.

शिष्टमंडळ आलं तर पाच जणांना आत बोलवावं, निवेदनाची पोच सही-शिक्क्याने द्यावी, आणि कारवाईचं आश्वासन आपल्या अधिकारापुरतंच द्यावं. जिल्हा परिषद शिक्षकावर 1964 च्या शिस्त व अपील नियमांनुसार कारवाई होते, खासगी शाळेत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार चौकशी समिती नेमावी लागते. ‘आत्ताच्या आत्ता निलंबित करतो’ असं फाटकावर बोलून टाकलेलं पुढे पाळता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होते.

एक गोष्ट मात्र गडबडीत नेहमी राहून जाते. मूल दहावीत असेल तर भाषा विषयांचे 20 अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हातात असू शकतात. ते दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवल्याचा लेखी आदेश मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात काढावा आणि त्याची प्रत पालकांना द्यावी. पुढे गुण कमी पडले तर ते गणवेशामुळे पडले, अशी शंका कोणाला घ्यायला जागा उरत नाही.